तासाला बोटभर

३ मार्च

शेंडेफळा,

फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझ्याकडची रेंज जाते, म्हणून हा कागद. फाडायचाच असेल तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. कालपासून मी अशी भारावून गेले आहे की कोणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही, आणि सांगावं असं माणूस तू एकटीच.

परवा आपल्या कारखान्यात खोकंभर पृथ्वी परत आली. एका शाळेला पाठवलेले गोल, सगळेच्या सगळे. बाबांनी खोक्याला हातही लावला नाही. "गाडीत दबले असतील," म्हणाले आणि पडद्यामागच्या आपल्या टेबलाशी जाऊन बसले. खोकं मी उघडलं. एकही गोल दबलेला नव्हता. वर भूगोलाच्या बाईंची चिठ्ठी होती, इतक्या गोड शब्दांत की आपल्यालाच लाज वाटावी. त्यांनी मुलांना गृहपाठ दिला होता: जगातले लांबलांबचे कुठलेही दोन विमानतळ घ्या, गोलावर दोरा ताणून अंतर मोजा, विमानाच्या वेगाने भागा आणि प्रवासाला किती तास लागतील ते काढा. मग खऱ्या वेळापत्रकाशी ताडून बघा. "उत्तरेकडचे विमानतळ घेतलेल्या मुलांची उत्तरं बरोबर आली," बाईंनी लिहिलं होतं, "पण दक्षिणेचा महासागर ओलांडणारी विमानं तुमच्या गोलावर तासभर आधीच पोचतात. मुलांना याचा फार आनंद झाला आहे. विमान कंपन्यांना होईल असं वाटत नाही."

मी हसत सुटले. मग स्वतः दोरा घेऊन बसले आणि हसू जिरलं. बाईंचं खरं होतं.

तुला आठवतंय ना, खळ लावली की कागद ओला होऊन वाढतो? संत्र्याच्या फोडीसारख्या त्या बारा निमुळत्या पट्ट्या लगद्याच्या गोळ्यावर बसवताना ही वाढ बाराही सांध्यांत सारखी जिरवायची, हे आपण दोघी बाबांकडूनच शिकलो. तुझा तर त्यात हातखंडा. इथे सगळी वाढ दक्षिणेच्या पाण्यात कोंबलेली होती. पाच-सहा सांधे मुगाच्या दाण्याएवढे एकमेकांवर चढवलेले. निळ्यावर निळं, कोणाच्या लक्षात येतंय? आणि एका गोलात नाही, सगळ्यांत. थोडा थोडा करून कोणीतरी महासागर चोरला होता गं.

कोणीतरी म्हणजे मीच म्हणायची. पट्ट्या मी चिकटवते. पण बाबा आतून सांगतात तशा. पूर्वी ते दोरा चार ठिकाणी ताणून गोल तपासायचे. आता एकदाच ताणतात, पडद्याआड, आणि आवाज येतो, "सातवी सैल आहे, वर ओढ." मी वर ओढते. "पास." झालं. ते दोरा कुठून कुठे ताणतात हे मी कधी विचारलं नाही.

काल विचारायची गरजच पडली नाही. गोलावरून बोट फिरवताना वार्निशाखाली दोन खड्डे लागले, सुईच्या टोकाएवढे. दोऱ्याची टोकं धरायला बाबा सुया टोचतात ना, त्यांचे. एक खड्डा आपल्या गावावर. दुसरा तुझ्या शहरावर. मी दुसरा गोल उचलला. त्याच्यावरही तेच. मग तिसरा, चौथा, सगळं खोकं जमिनीवर मांडलं. प्रत्येक गोलावर एकच रेघ अगदी अचूक होती, आपल्या घरापासून तुझ्यापर्यंतची. ती बरोबर यावी म्हणून बाबांनी बाकीचं जग इकडे तिकडे सरकवलं होतं.

कारखान्यातल्या मावशी शेगडीवर खळ ढवळत होत्या. मी म्हटलं, "मावशी, हे बघितलंत?"

"त्यात काय बघायचंय? तुझी आई गेल्यापासून असंच चाललंय," मावशी म्हणाल्या. "का गं, तू कारखान्यात नसतेस का?"

आठ वर्षांत आपले गोल किती शाळांत गेले असतील, तूच विचार कर. त्या सगळ्या वर्गांत तुझ्या शहरावर एक खड्डा आहे, आणि ज्या माणसाने तो पाडला त्याच्या तोंडून तुझं नाव निघत नाही. माझ्या अंगावर आलेला काटा अजून गेलेला नाही.

तुझी ताई


२१ मार्च

शेंडेफळा,

कार्ड मिळालं. पुढे दीपगृहाचं चित्र, मागे एकच शब्द, "वाचलं." अगं, एका शब्दाला आणि दहा शब्दांना तिकीट सारखंच लागतं. पण असो. फाडलं नाहीस, तेवढ्यावर मी खूश आहे.

बाबांना विचारलं मी. ते एका गोलाच्या ध्रुवावर टोपी बसवत होते, तीच ती, बारा पट्ट्यांची टोकं झाकणारी कागदाची गोल चकती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सरळच म्हटलं, "बाबा, दोरा तिच्याच शहरावर का?"

"टोपी बसवताना बोलू नये," बाबा म्हणाले.

टोपी बसली, पण वाकडी बसली. बाबांची टोपी वाकडी बसलेली मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

"हिशेब चुकला होता," ते हळूच म्हणाले.

"या गोलांचा?"

"तुमच्या आईच्या दिवशीचा."

तो दिवस तू मला तुझ्या बाजूने इतक्यांदा सांगितलायस की मला पाठ आहे. आई रात्री गेली, तुझ्याकडे तेव्हा सकाळ होती. तुला अकराचं विमान मिळालं, तसा निरोप तू दिलास. तू दुपारी चारला उतरून घरी आलीस तर आईला आम्ही बाराच्या सुमाराला घेऊन गेलो होतो. तू बॅग खांद्यावरच ठेवून दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चार तास थांबवलं नाही तुम्हाला?" बाबा उठून आत गेले. तू घर आणि कारखाना सोडून गेलीस याचा राग त्यांनी त्या दिवशी काढला, असं तू तेव्हापासून म्हणतेस. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. त्यांनी कधी तोंड उघडलं नाही, मग दुसरं काय समजणार?

परवा उघडलं. "तिचं विमान तिच्या घड्याळाने अकराला निघणार होतं," ते म्हणाले. "चौदा तास. म्हणजे तिच्या घड्याळाने रात्रीचा एक. आपलं घड्याळ नऊ तास मागे. तेव्हा नऊ वजा करायचे. मी मिळवले."

"म्हणजे?"

"म्हणजे ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येणार असं मी धरलं. तोवर थांबता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न असता तर थांबलो असतो गं. थांबलोच असतो. आणि ती त्याच दुपारी दारात."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत तिला?"

"काय सांगू?" बाबा म्हणाले. "जन्मभर पृथ्वी करून विकली, आणि ती कुठल्या बाजूने फिरते तेच त्या दिवशी विसरलो, हे सांगू?"

मी तिथेच स्टुलावर बसून रडले. खळीच्या हातांनी डोळे पुसले आणि पापण्या चिकटल्या. मावशींनी कोमट पाण्याचा बोळा लावून सोडवल्या, आणि सोडवता सोडवता मला आणि बाबांना दोघांनाही झापलं.

बाबांना माफ कर असं मी म्हणत नाही. आई तुझीही होती, ते तुझं तू बघ. पण राग आला तर यापुढे चुकलेल्या बेरजेचा येऊ दे. थांबायचं नव्हतं म्हणून ते थांबले नाहीत, हे मनातून काढून टाक, कारण ते खरं नाही.

तुझी ताई


२ मे

शेंडेफळा,

आता मी एक खोटं बोलले आहे, ते तुला माहीत असलेलं बरं.

बाईंचे सगळे गोल बाबांनी सोलून नव्याने केले. दोरा पुन्हा चार ठिकाणी ताणायला लागले. दक्षिणेचा महासागर जिथल्या तिथे परत दिला. हे सगळं झाल्यावर एक दिवस जेवताना मी म्हटलं, "बाबा, एकदा जाऊन येऊ तिच्याकडे."

"बोलावल्याशिवाय कसं जायचं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बोलावलंय की. कार्डावर लिहिलंय, या म्हणून."

त्यांचा घास हातात राहिला. "बघू कार्ड."

"खळीत पडलं. मावशींनी टाकून दिलं."

"हं," बाबा म्हणाले आणि जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी पासपोर्टसाठी फोटो काढायला स्वतः निघाले. फोटोत इतके रागीट आले आहेत की अधिकारी आत घेतील की नाही याची मला शंका आहे.

तिकिटं काढली. ११ जूनला दुपारी निघून १२ जूनला दुपारी दोनला तुझ्या विमानतळावर उतरतो. वजाबाकी या वेळी मी केली, मावशींनी तपासली, आणि तरी बाबांनी विमान कंपनीला फोन करून खात्री करून घेतली.

तुला यायचं नसेल तर नको येऊस. तुझ्या घराजवळ राहायची सोय मी बघून ठेवली आहे. पण तसं असेल तर आधी कळव. ऐंशीला टेकलेला माणूस मुलीने बोलावलं म्हणून निघाला आहे. दाराबाहेर कोणीच नसेल तर त्याला काय सांगायचं हे मला आधी ठरवून ठेवावं लागेल, मला ते ऐनवेळी सुचायचं नाही. या विचाराने माझी झोप उडाली आहे, उगीच नाही सांगत.

तुझी ताई


११ जून, विमानात

शेंडेफळा,

तुझ्याकडून काहीच आलं नाही. या नाही, की येऊ नका नाही. मी पोस्टमनच्या वाटेकडे इतकी डोळे लावून बसायचे की शेवटी शेवटी तो मला बघून लांबूनच नकाराचा हात हलवायचा. हे पत्र एक तर तुझ्या हातात देईन, नाहीतर परत घेऊन जाईन.

पण आत्ता या घडीला मला त्याची काळजी करायचीही शुद्ध नाही. बाई गं, काय आहे हे!

तू दहादा बसली असशील विमानात. आम्ही दोघांनी जन्मभर पृथ्वी केली आणि तिच्यापासून गच्चीच्या वर कधी गेलो नाही. जमीन सुटली तेव्हा बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. मग सोडलं आणि खिडकीच्या काचेला नाक लावलं, ते अजून तिथेच आहे. जेवण आलं तेही बाहेर बघतच चिवडलं. लोण्याची अख्खी वडी चीज समजून खाऊन टाकली आणि चांगलं होतं म्हणाले.

मी विचारलं, "एवढं काय शोधताय?"

"सांधा," बाबा म्हणाले. "कुठेच नाही गं. एक रेघ नाही, एक नाव नाही. निळ्याचं पांढरं कुठे होतं तेही कळत नाही. कोणी बसवलं असेल हे?"

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. लहान मुलासारखा म्हणणार होते, पण तसाही नाही. एखाद्या मोठ्या कारागिराच्या दुकानात शिरल्यावर माणूस चप्पल बाहेर काढून हळू बोलतो, तसा.

समोरच्या पडद्यावर आपण किती उंचावर आहोत तो आकडा येतो. बाबांनी डोळे मिटून हिशेब केला, मग पुन्हा केला. अलीकडे सगळेच हिशेब ते दोनदा करतात. "आपल्या मोठ्या गोलावर ही उंची म्हणजे वार्निशाचा थर," ते म्हणाले. "एवढे वर आलो असं वाटतंय ना? अजून वार्निशातच आहोत."

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. जे काही आहे ते या एवढ्याशा थरात आहे. ढग, वारा, पक्षी. आईने घेतलेले सगळे श्वास. तू तिकडे आणि मी इकडे, आणि मधे हे अफाट पांढरं, जे मी रोज फडक्याने पुसते आणि जिथे काही छापलेलंच नाही म्हणून शाई वाचली असं म्हणते. खाली बर्फाला मैलोन् मैल भेगा गेलेल्या आहेत आणि भेगांतून काळं पाणी चमकतंय. तिथे माणूस नाही, दिवा नाही. हे सगळं आपण नसतानाही असंच असतं, या विचाराने भीती वाटते, आणि आनंदही होतो. दोन्ही एकदम कसं होतं ते विचारू नकोस.

घरच्या गोलावर तू माझ्यापासून एक वीत आणि वर दोन बोटं आहेस. विमान तिथे तासाला बोटभर सरकतं. हे एवढं धूड, कानठळ्या बसवत, जीव खाऊन पळतंय, आणि तासाने काय तर बोटभर! बाबांनी मला आपलं बोट दाखवलं, मी माझं बघितलं. माझं बारीक आहे, माझ्या हिशेबाने तू जरा लांब.

विमानातल्या मुलीला मी विचारलं की जाताना तेरा तास आणि येताना चौदा, हे कसं? अंतर तर तेच. ती म्हणाली, एवढ्या उंचावर वारा बहुतेक आपण चाललोय त्याच दिशेने वाहतो. जाताना पाठीशी, येताना तोंडावर. मला फार गंमत वाटली. बाबांना वाटली नाही. ते काचेकडे बघत म्हणाले, "ती त्या दिवशी आली तेव्हा वारा समोरून होता."

रात्र व्हायला हवी होती, झाली नाही. सूर्य क्षितिजाला टेकला आणि कडेकडेने सरकत राहिला, तांबडा लाल, आणि आता चक्क परत वर यायला लागलाय. लोकांनी खिडक्या बंद करून पांघरुणं ओढून घेतली आहेत. असं काही चाललेलं असताना लोक झोपतात तरी कसे? आम्ही दोघंच जागे. बाबांच्या चेहऱ्यावर तो उजेड पडलाय आणि ते ओठातल्या ओठात काहीतरी घोकतायत. विचारलं तर म्हणाले, "काही नाही."

मग थोड्या वेळाने, "त्या कार्डावर नक्की काय लिहिलं होतं तिने?"

"या," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच. तुमचीच मुलगी ती."

बाबा हसले. मी मात्र तोंड फिरवून पिशवीत काहीतरी शोधायला लागले. आता पडद्यावर तुझ्या शहराचं नाव दिसायला लागलंय. सगळं आश्चर्य एका बाजूला सरलं आणि मला नुसती भीती वाटतेय. ये गं. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठीही नको. कशासाठी ते मला सांगता येत नाही, पण ये.

ताई


१३ जून, तुझ्या स्वयंपाकघरात

शेंडेफळा,

तुम्ही दोघंही अजून झोपला आहात, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी सारखंच घोरता आहात. बाहेर लख्ख उजाडलंय. माझ्या पोटाला ही कुठल्या वेळची भूक आहे ते कळत नाही. तुझ्या बरण्या धुंडाळल्या, साखर काही सापडली नाही, बिनसाखरेचा चहा पितेय आणि लिहितेय. एकाच घरात असून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. काल त्या काचेच्या दारापासून पुढचं तू तुझ्या डोळ्यांनी बघितलंस. दाराच्या अलीकडचं तुला कोणी सांगणार नाही. बाबा तर नाहीच.

बॅगा घेऊन आम्ही त्या लांब बोळातून बाहेर यायला निघालो. काच धुरकट होती, पलीकडे नुसत्या सावल्या हलत होत्या. मला वाटलं, आता सांगायलाच हवं, बाहेर कोणी नसलं तर त्यांना ते माझ्या तोंडून आधी कळायला हवं.

"बाबा," मी म्हटलं, "एक मिनिट थांबा. तिने बोलावलेलं नाही. या असं लिहिलं नव्हतं. मी खोटं बोलले."

ते थांबले. मागची माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी ढकलगाड्या घेऊन पुढे जात होती.

"माहीत होतं मला," बाबा म्हणाले.

"कसं?"

"तिने या लिहिलं असतं तर तू ते कार्ड घेऊन गल्लीतूनच ओरडत आली असतीस. खळीत पडू दिलं असतंस होय?"

मी विचारलं, "मग आलात कसे?"

"असाच. न बोलावता." त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, माझ्या हातातून आपली बॅग काढून घेतली. त्यांना ती पेलत नव्हती, तुला दिसलंच असेल. "ती आली होती तेव्हा तिला कोणी बोलावलं होतं? नुसतं कळवलं होतं आपण. तशी आली ती. आता मला जाऊ दे."

मी त्यांच्या बरोबरीने चालायला लागले तर त्यांनी हाताने अडवलं. "तू मागे राहा. तुझ्या आडून आलो असं तिला वाटायला नको. पहिल्यांदा मी एकटा दिसलो पाहिजे."

म्हणून मी मागे राहिले. तुला मी उशिरा दिसले ते त्यामुळे, माझी बॅग हरवली होती वगैरे काही नाही. दार सरकलं आणि ते एकटे बाहेर गेले, बॅगेच्या भाराने एका बाजूला कलून. पलीकडे केवढी गर्दी, केवढ्या पाट्या, आणि त्यांच्या उंचीला काहीच दिसत नसणार. ते दार सोडून चार पावलं गेले आणि तिथेच उभे राहिले, कुठे बघायचं ते न कळून. मी मागून बघत होते.

आणि मग तू दिसलीस मला, त्यांच्याआधी. कठड्याच्या पार टोकाला, ऑफिसच्याच कपड्यांत, आईसारखी ओढणी गच्च धरून. कठड्याच्या आत यायला मनाई होती. तो पहारेकरी हात आडवा करून तुला मागे हटायला ओरडत होता, आणि तू त्याच्या हाताखालून वाकून आत आलीस.

ताई